यकृताने बुजवलेलं भोक : नेपोलियनच्या जठराचं प्रकरण

जठराच्या अल्सरच्या तीन गुंतागुंती बहुतेकांनी ऐकलेल्या असतात. अल्सरमधून रक्त वाहतं. अल्सर फुटून जठरातलं आम्ल पोटाच्या पोकळीत सांडतं. किंवा जुन्या जखमेचा वण आकसून जठराचं खालचं तोंड अरुंद होतं आणि खाल्लेलं पुढे सरकत नाही. चौथी त्यामानाने क्वचित दिसते, म्हणून ओळखायची राहून जाते. अल्सर जठराची भिंत आरपार पोखरतो, पण फुटत नाही, कारण तो बाहेरच्या थरापर्यंत पोचतो तेव्हा शेजारचा एखादा अवयव तिथे घट्ट चिकटलेला असतो. भोक पडतं, पण उघडं राहत नाही. पुढे अल्सर त्या अवयवातच शिरू लागतो. बहुतेक वेळा हा अवयव स्वादुपिंड असतो, त्याहून कमी वेळा यकृताचा डावा खंड, आणि फार क्वचित मोठं आतडं.

यकृत चिकटून भोक बंद झाल्याचं जुन्या काळातलं सर्वांत गाजलेलं प्रकरण नेपोलियन बोनापार्टचं आहे. ५ मे १८२१ रोजी सेंट हेलेना बेटावर वयाच्या ५१व्या वर्षी तो वारला. विषप्रयोगाच्या कहाण्या सगळ्यांनी ऐकल्या आहेत. मला मात्र शवविच्छेदन अहवालातली दोन-तीन वाक्यं त्या कहाण्यांपेक्षा कितीतरी मोलाची वाटतात. नेपोलियनच्या आजारपणात त्याच्या यकृतावरून वर्षानुवर्षं भांडणं झाली, डॉक्टरांच्या नोकऱ्या गेल्या. शेवटी पोट उघडलं तेव्हा यकृताला स्वतःचा असा काही आजार दिसला नाही. जठराला पडलेलं भोक मात्र त्यानेच झाकून धरलं होतं.

बेट आणि बंदी

वॉटर्लूच्या पराभवानंतर ऑक्टोबर १८१५मध्ये नेपोलियनला सेंट हेलेनावर आणलं. दक्षिण अटलांटिकमधलं हे बेट तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात होतं. हिंदुस्थानातून परतणारी जहाजं तिथे पाणी भरायला थांबत. सुरुवातीचे काही आठवडे तो ‘द ब्रायर्स’ नावाच्या वाडीत राहिला. असईची लढाई जिंकून मायदेशी निघालेला आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, १८०५मध्ये याच वाडीत उतरला होता. मराठी वाचकाला ओळखीचं आणखी एक आडनाव बेटावर भेटतं. १८१६-१७मध्ये तिथल्या आरमाराचा प्रमुख असलेला पल्टनी माल्कम हा दुसऱ्या बाजीरावाची शरणागती स्वीकारणाऱ्या जॉन माल्कमचा भाऊ. नेपोलियनचं त्याच्याशी बरं जमायचं. गव्हर्नर हडसन लो याच्याशी मात्र कधीच जमलं नाही, आणि या वैराचा रुग्णाच्या उपचारांवर थेट परिणाम झाला.

डिसेंबर १८१५पासून शेवटपर्यंत नेपोलियन लाँगवुड हाउसमध्ये राहिला. उंचावरचं, वाऱ्याच्या तोंडाशी असलेलं, कायम ओल धरलेलं ते घर होतं. ठरावीक हद्दीबाहेर जायचं तर इंग्रज अधिकारी सोबत घ्यावा लागे. ते त्याला अपमानास्पद वाटे, म्हणून त्याने बाहेर पडणंच कमी केलं. हालचाल थांबली, अंग सुटलं.

कोटात हात खुपसलेल्या त्याच्या चित्रांवरून पोटदुखी जुनी होती असं अनेक जण सांगतात. त्यात तथ्य नाही. तशी मुद्रा त्या काळच्या चित्रकारांची ठरलेली रीत होती. धडधाकट माणसांचीही तशी चित्रं आहेत. आजाराचा भरवशाचा माग बेटावर आल्यानंतरच लागतो.

यकृताचा वाद

पहिला डॉक्टर बॅरी ओमेरा, आयरिश, आरमारातला शल्यविशारद. १८१७च्या उत्तरार्धात नेपोलियनला उजव्या बरगड्यांखाली दुखू लागलं, कळ उजव्या खांद्यापर्यंत जाई, मळमळ असे, पायांना सूज येई. ओमेराने यकृतदाहाचं निदान केलं. त्या काळी उष्ण प्रदेशातून परतणाऱ्या सैनिकांत यकृताचे आजार सर्रास असत, त्यामुळे निदान अगदीच हवेतलं नव्हतं. पण त्याचा राजकीय अर्थ लगेच निघाला. बेटाच्या हवेमुळे यकृत बिघडतं असं ठरलं, तर ब्रिटिश सरकारने कैद्याला जाणूनबुजून मरायला पाठवलं असा आरोप युरोपभर झाला असता. जुलै १८१८मध्ये ओमेराला बेटावरून काढलं.

जानेवारी १८१९मध्ये जॉन स्टोको या आरमारी डॉक्टरला बोलावणं आलं. त्यानेही यकृताकडेच बोट दाखवलं. त्याच वर्षी त्याच्यावर कोर्टमार्शल चालवून त्याला नोकरीतून बडतर्फ केलं गेलं. एका डॉक्टरला निदानापायी लष्करी न्यायालयापुढे उभं केल्यावर दुसरा कोणता डॉक्टर मोकळेपणाने बोलेल? पुढच्या प्रत्येक इंग्रज डॉक्टरच्या लेखणीवर ही भीती बसलेली दिसते. इकडे नेपोलियनने लोने नेमलेल्या डॉक्टरला भेटायलाच नकार दिला. सप्टेंबर १८१९मध्ये फ्रान्चेस्को आन्तोमार्की हा कॉर्सिकन डॉक्टर येईपर्यंत रुग्ण जवळपास डॉक्टरविना होता. आन्तोमार्की शरीररचनेचा जाणकार होता, पण आजारी माणूस पाहण्याचा त्याचा हात तयार नव्हता.

१८१७मधलं ते दुखणं खरंच यकृताचं होतं का? वैद्यकीयदृष्ट्या या प्रकरणातला हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. जठराचा खालचा भाग, ड्युओडेनम (जठराला लागून असलेला लहान आतड्याचा पहिला भाग), पित्ताशय आणि यकृत हे सगळे वरच्या पोटात एकमेकांना खेटून असतात, आणि नुसत्या वर्णनावरून त्यांची दुखणी वेगळी करता येत नाहीत. यकृताच्या वर श्वासपटल असतं. त्याची नस मानेतून निघते आणि खांद्याच्या त्वचेच्या नसाही मानेतल्या त्याच पातळीवरून निघतात. म्हणून श्वासपटलाला डिवचणारा पोटातला कोणताही दाह खांद्यात दुखू शकतो. नेपोलियनच्या यकृताचा डावा खंड श्वासपटलाला चिकटलेला निघाला हे खरं; पण त्यावरून डावा खांदा दुखायला हवा होता, दुखत होता उजवा. शिवाय पुढे जठरात सापडलेला कॅन्सर १८१७मध्येच असता तर तो माणूस आणखी साडेतीन वर्षं जगणं कठीण होतं. माझा अंदाज असा की त्या वेळी जठरात जुनाट दाह किंवा साधा अल्सर असावा. त्या दुखण्याचा काही भाग तरी जठराचा असू शकतो. सिद्ध करण्याजोगा पुरावा नाही, आणि त्याहून पुढे जायचा मोह आवरलेलाच बरा.

शेवटची घसरण

१८१९च्या अखेरीपासून काही महिने बरे गेले. आन्तोमार्कीच्या सल्ल्याने नेपोलियन बागकाम करू लागला, रोज पहाटे नोकरचाकरांना कामाला लावू लागला. तब्येत सुधारली. १८२०च्या उत्तरार्धात चित्र पालटलं. ४ ऑक्टोबर १८२०ला तो घोड्यावरून बेटावरच्या एका रहिवाशाकडे फराळाला गेला आणि परत आला तो गळून गेलेला. त्यानंतर तशी लांबची रपेट झालीच नाही. भूक मेली, जेवणानंतर उलट्या, पोटाच्या वरच्या भागात सुरी फिरवल्यासारखी कळ, रात्री दरदरून घाम, पाय बर्फासारखे गार.

वजनाची लेखी नोंद नाही. त्याच्या वेगवेगळ्या काळातल्या विजारींच्या कमरेची मापं घेऊन स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या संशोधकांनी हिशेब मांडला, आणि शेवटच्या काळात साधारण ११ किलो वजन उतरलं असावं असा अंदाज केला. मुळात वजन ९० किलोच्या आसपास पोचलं होतं, त्यामुळे इतकं उतरूनही मृतदेह लठ्ठच दिसला. छातीच्या हाडावर इंचभराहून जास्त आणि पोटावर दीड इंच चरबी मोजली गेली. कॅन्सरचा रोगी इतका जाडा कसा, असा आक्षेप पुढे बऱ्याच जणांनी घेतला. आक्षेप घेणारे सुरुवात कुठून झाली ते विसरतात.

मार्च १८२१मध्ये आन्तोमार्कीने उलटीचं औषध दिलं, अँटिमनीचा क्षार. पोट साफ झालं की आजार जातो ही तेव्हाची धारणा. आरपार जखम झालेल्या जठराला मुद्दाम आचके द्यायला लावण्याइतकं वाईट दुसरं काही नसेल. नेपोलियन वेदनेने जमिनीवर लोळला आणि पुढे आन्तोमार्कीच्या हातचं औषध नको म्हणू लागला. आपला आजार जठराच्या खालच्या तोंडाशी आहे, हे तो स्वतःच सांगत होता. वडील कार्लो १७८५मध्ये मोंपेलिएला वारले, तेव्हा शवविच्छेदनात त्या जागी गाठ सापडली होती, हे त्याला माहीत होतं. आपल्या मृत्यूनंतर जठर नीट तपासा आणि जे सापडेल ते माझ्या मुलाला कळवा, म्हणजे त्याला तरी या आजारापासून वाचता येईल, असं त्याने आन्तोमार्कीला बजावलं. रुग्णाचं निदान सगळ्या डॉक्टरांपेक्षा अचूक निघालं.

१ एप्रिलपासून आर्चिबाल्ड आर्नॉट हा इंग्रज लष्करी डॉक्टर येऊ लागला. एप्रिल बराच उलटेपर्यंत तो गव्हर्नरला कळवत राहिला की आजार मनाचा आहे, जिवाला धोका नाही. स्टोकोचं काय झालं हे त्याला ठाऊक होतं. तेवढ्यानेच त्याची नजर चुकली असं मी म्हणणार नाही, पण लोला काय ऐकायला आवडेल हे त्याला कळत असणारच. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात उलटीचा रंग बदलला. कॉफीच्या चोथ्यासारखे काळपट कण पडू लागले. रक्त आम्लात काही वेळ राहिलं की असं दिसतं. आज ही उलटी पाहिल्यावर कोणताही निवासी डॉक्टर तासाभरात एन्डोस्कोपीची तयारी करेल.

३ मे रोजी आणखी दोन इंग्रज डॉक्टरांचा सल्ला घेतला गेला. त्यांनी रुग्णाला पाहिलंसुद्धा नव्हतं. बरेच दिवस शौच झालं नाही म्हणून दहा ग्रेन कॅलोमेल द्यायचं ठरलं. कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचा क्षार, जबरदस्त रेचक. दहा ग्रेन म्हणजे सहाशे मिलिग्रॅमहून अधिक. आन्तोमार्कीने विरोध केला, तो मोडून काढला गेला. खासगी सेवक मार्शां याने ते साखरपाण्यातून पाजलं. त्या रात्री एकामागून एक काळ्या, भरपूर शौचाला झाल्या. शुद्ध हरपत गेली. ५ मेच्या संध्याकाळी ५ वाजून ४९ मिनिटांनी मृत्यू झाला.

बिलियर्डच्या खोलीत

दुसऱ्या दिवशी दुपारी लाँगवुडच्या बिलियर्डच्या खोलीत शवविच्छेदन झालं. सुरी आन्तोमार्कीच्या हातात होती. भोवती इंग्रज डॉक्टर, फ्रेंच मंडळी आणि गव्हर्नरची माणसं उभी होती. चरबीचा पडदा बाजूला केल्यावर जठर दिसलं. त्याची वरची बाजू, विशेषतः खालच्या तोंडाजवळची, यकृताच्या डाव्या खंडाच्या आतल्या पृष्ठभागाला जाड चिकटांनी जखडलेली होती. ती ओढून वेगळी केली तेव्हा भोक उघडं पडलं. जठराच्या खालच्या तोंडापासून एक इंचावर, भिंतीच्या सगळ्या थरांतून आरपार, करंगळी सहज जाईल एवढं. जठर उघडलं तर आतला जवळजवळ सगळा पृष्ठभाग कठीण, गाठाळ, रोगट. अन्ननलिका जिथे संपते तिथला छोटासा भागच काय तो निरोगी. आणि आत भरलेला कॉफीच्या चोथ्यासारखा द्रव.

यकृताबद्दल इंग्रज अहवाल म्हणतो की जठराच्या रोगामुळे पडलेल्या चिकटा सोडल्या तर त्यात रोगट काही दिसलं नाही. हे वाक्य तसंच सरळ उतरलेलं नाही. टॉमस शॉर्ट या ज्येष्ठ डॉक्टरने यकृत थोडं मोठं असल्याचं लिहिलं होतं. लोने ते शब्द काढायला लावले आणि शॉर्टने मूळ कागदावर तशी नोंद करून ठेवली. आन्तोमार्कीने इंग्रजांच्या अहवालावर सहीच केली नाही. एका माणसाच्या यकृताचा आकार किती हे ठरवायला गव्हर्नरची परवानगी लागावी, हे वाचताना आजही राग येतो. पण खरं सांगायचं तर इंचभर मोठं यकृत असलं-नसलं तरी या रुग्णाच्या मरणाशी त्याचा संबंध नव्हता. मुद्दा होता तो चिकटांचा. त्या मात्र दोन्ही बाजूंनी मान्य केल्या, आणि त्यावर कोणी वाद घातला नाही, म्हणून त्या विश्वासार्ह वाटतात.

भोक बुजतं कसं

अल्सर अचानक, काही तासांत आरपार गेला तर शेजारच्या अवयवांना वेळ मिळत नाही. आम्ल आणि अन्न पोटाच्या पोकळीत सांडतं, पोट लाकडासारखं कडक होतं, एक्स-रेत श्वासपटलाखाली हवा दिसते. तातडीने शस्त्रक्रिया केली नाही तर रुग्ण हातचा जातो. अल्सर हळूहळू खोल जात असेल तर वेगळं घडतं. दाह भिंतीच्या बाहेरच्या थराला पोचतो, तो थर ओलसर, चिकट होतो, त्यातून फायब्रिन (रक्त गोठवणारं तंतुमय प्रथिन) पाझरतं. जठराच्या तोंडाकडच्या भागावर यकृताचा डावा खंड मुळातच टेकलेला असतो. फायब्रिनमुळे दोन्ही पृष्ठभाग चिकटतात, मग त्यात तंतू वाढतात, आणि आठवड्यांनी, महिन्यांनी तिथे पक्कं ठिगळ तयार होतं. अल्सर भिंतीतून बाहेर पडतो तेव्हा त्याच्यापुढे पोकळी नसते, यकृत असतं.

शल्यविशारद फुटलेल्या अल्सरवर हेच करतात. पोटातल्या चरबीच्या पडद्याचा तुकडा भोकावर बसवून टाके घालायची पद्धत टोरंटोच्या रॉस्को ग्रॅहम यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी ती १९३७मध्ये मांडली. नेपोलियनच्या शरीराने त्याच्या शंभर वर्षं आधी, कोणाच्या मदतीशिवाय, ते काम पार पाडलं होतं. त्याच्या पोटात पू किंवा सांडलेलं अन्न सापडलं नाही. म्हणजे भोकामुळे तो मेला नाही. यकृत तिथे नसतं, तर मरण बऱ्याच आधी आणि फार यातना देऊन आलं असतं.

ठिगळ लागलं तरी रुग्ण बरा होत नाही. आम्ल आता चिकटलेल्या अवयवावर काम करू लागतं आणि दुखण्याची जात बदलते. पूर्वी जेवणाच्या वेळेनुसार येणारं-जाणारं दुखणं कायमचं होतं, अन्नाने किंवा आम्ल मारणाऱ्या गोळीने थांबत नाही, रात्री जागं करतं. स्वादुपिंडात शिरलेला अल्सर पाठीत दुखतो. यकृतात शिरलेल्याचं दुखणं बरगड्यांखाली, कधी खांद्यात. अशा अल्सरच्या तळातून घेतलेल्या बायोप्सीत पॅथॉलॉजिस्टला चक्क यकृताच्या पेशी दिसल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. तुकडा जठरातून घेतलाय की चुकून दुसरीकडून, अशी शंका येण्याजोगीच ती गोष्ट आहे. जुन्या अल्सरच्या रुग्णाने ‘आधीसारखं दुखत नाही, वेगळंच दुखतंय’ असं म्हटलं, तर ते वाक्य गांभीर्याने घ्यायला हवं.

याच प्रक्रियेची आणखी विरळा रूपं आहेत. अल्सर मोठ्या आतड्यात उघडला तर दोन्हींमध्ये रस्ता पडतो. मग खाल्लेलं न पचताच शौचावाटे बाहेर येतं, ढेकरांना आणि उलटीला शौचाचा वास येतो, माणूस झपाट्याने खंगतो. हल्ली अशा साध्या अल्सरच्या रुग्णांत ॲस्पिरिन किंवा दाहशामक पेनकिलर दीर्घकाळ घेतल्याचा इतिहास बऱ्याचदा सापडतो. ड्युओडेनमचा अल्सर पित्तनलिकेत शिरला तर एक्स-रेत पित्तनलिकांमध्ये हवा दिसते. आणि जठराच्या तोंडाशेजारचा अल्सर थेट ड्युओडेनममध्ये उघडला तर जठराला दोन तोंडं होतात. एन्डोस्कोपी करणारा शेजारी-शेजारी दोन भोकं पाहून क्षणभर चक्रावतो. यात रुग्णाला अनेकदा काहीच त्रास नसतो.

अल्सर की कॅन्सर

१८२१च्या डॉक्टरांना हा फरक नीट करताच येत नव्हता. जठराचा साधा अल्सर कॅन्सरपासून वेगळा आहे हे फ्रान्सच्या ज्याँ क्रुवेलिए यांनी त्यानंतरच्या दशकात स्पष्ट केलं. सूक्ष्मदर्शकाखाली ऊती पाहून निदान करायची पद्धत आणखी पुढची. त्यामुळे अहवालातला कॅन्सरचा उल्लेख हा डोळ्यांना आणि बोटांना जे जाणवलं त्याचा आहे, सिद्ध झालेलं निदान नव्हे. जठर चांदीच्या भांड्यात घालून शवपेटीत ठेवलं गेलं; ते युरोपात नेऊ द्यायला लोने नकार दिला. १८४०मध्ये अवशेष फ्रान्सला नेले, तेव्हा पेटी अगदी थोडा वेळ उघडली, भांडी उघडलीच नाहीत. ती आज पॅरिसच्या इनव्हालिद या वास्तूत, त्याच्या समाधीत आहेत. म्हणजे एकही तुकडा कधी तपासला गेलेला नाही.

२००७मध्ये बासेलचे अलेस्सांद्रो लुग्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग काढला. शवविच्छेदनातली वर्णनं घेऊन त्यांनी ती ५० साध्या अल्सरच्या आणि ५० जठराच्या कॅन्सरच्या आजच्या रुग्णांशी ताडून पाहिली. नेपोलियनच्या जठरातला रोग दहा सेंटिमीटरहून मोठा होता. साधा अल्सर एवढा पसरत नाही. शिवाय जठराशेजारच्या लसिका गाठी सुजून कठीण झाल्याचं आन्तोमार्कीने लिहिलं होतं. निष्कर्ष असा की हा पुढच्या टप्प्याचा कॅन्सर होता, आणि तो बहुधा जुनाट दाह झालेल्या जठरात वाढला. त्या दाहाचं संभाव्य कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२मध्ये शोधलेला, पुढे त्यांना २००५चं नोबेल मिळवून देणारा हाच तो जिवाणू.

मला हा निष्कर्ष पटतो, एका पुस्तीसह. कॅन्सर आणि आरपार अल्सर या इथे दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. कॅन्सरची गाठ मध्यभागी कुजते आणि तिथे व्रण पडतो, तोच खोल जातो. करंगळीएवढ्या त्या भोकाच्या कडा पक्क्या चिकटल्या होत्या, म्हणजे ते बरेच आठवडे, कदाचित महिने जुनं होतं. कॅन्सर आणि साधा व्रण यांतला फरक यकृताला कळत नाही. दोन्हींपुढे ते सारखंच चिकटतं.

आर्सेनिकचं काय? स्वीडनचे दंतवैद्य स्टेन फोर्शुफवुड यांनी १९६१मध्ये केसांतल्या आर्सेनिकवरून विषप्रयोगाचा सिद्धान्त मांडला. २००८मध्ये इटलीतल्या भौतिकशास्त्रज्ञांनी नेपोलियनचे लहानपणचे, एल्बा बेटावरच्या आधीच्या हद्दपारीतले आणि सेंट हेलेनावरचे केस तपासले. आर्सेनिकचं प्रमाण सगळ्यांत आजच्या मानाने जास्त होतं, आणि सारखंच जास्त. त्याच्या काळातल्या इतरांच्या केसांतही तसंच. रंगांतून, औषधांतून ते सगळ्यांच्याच अंगात जात होतं. पोट उघडल्यावर समोर दिसलेलं जठर असताना विषाची गरज उरत नाही.

मग मरण कशाने आलं? माझ्या मते रक्तस्रावाने, आणि त्याला रेचकाने हातभार लावला. जठर काळ्या द्रवाने भरलेलं होतं, ३ मेच्या रात्रीच्या शौचा काळ्या होत्या, म्हणजे आधीपासून रक्त झिरपत होतं. कित्येक आठवड्यांच्या उलट्यांनी शरीरातलं पाणी आणि क्षार आधीच उतरले होते. त्यावर दहा ग्रेन कॅलोमेलने उरलंसुरलं बाहेर काढलं. त्याने आयुष्य किती तोडलं? दिवस, फार तर थोडे आठवडे. लुग्ली यांच्या गटाच्या मते इतक्या पुढच्या टप्प्यात आजच्या उपचारांनीही तो फार काळ जगला नसता.

आज असा रुग्ण आला तर

वरच्या पोटात दुखतंय, वजन उतरतंय, वडिलांना जठराचा कॅन्सर होता, एवढ्यावरच आज एन्डोस्कोपी होते. अल्सर दिसला तर कडेच्या निरनिराळ्या जागांवरून सहा-आठ तुकडे घेतले जातात, कारण एकच तुकडा कॅन्सर चुकवू शकतो. तुकडे निर्धोक आले तरी जठराच्या अल्सरसाठी उपचारानंतर साधारण दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून तो भरलाय का हे पाहण्याची पद्धत आहे. दुखण्याची जात बदललेली असेल तर सीटी स्कॅन; त्यात जठर आणि यकृत यांमधली चरबीची रेघ पुसलेली दिसते, कधी व्रणातली हवा यकृताच्या कडेपर्यंत गेलेली दिसते. कॅन्सर नसेल, रुग्ण स्थिर असेल आणि रक्त थांबलेलं असेल तर यकृतात शिरलेला साधा अल्सरही आम्ल रोखणाऱ्या औषधांनी, हेलिकोबॅक्टरच्या उपचाराने आणि पेनकिलर बंद करून भरू शकतो. रक्त थांबत नसेल तर जठराचा तो भाग काढावा लागतो. चिकटलेलं यकृत ओढून सोडवण्यापेक्षा व्रणाचा तळ त्यावर तसाच ठेवून बाजूने जठर कापणं शल्यविशारद पसंत करतात, नाहीतर यकृतातून रक्त वाहू लागतं.

नेपोलियनचा मुलगा, ज्याच्यासाठी ती तपासणी हवी होती, १८३२मध्ये व्हिएन्नाजवळ शोनब्रुनला क्षयाने वारला, अवघ्या एकविसाव्या वर्षी. वडिलांच्या जठराचा अहवाल त्याच्या काही उपयोगी पडला नाही. त्या काळी पडण्यासारखाही नव्हता. आज ज्यांच्या आई, वडील किंवा भावंडांना जठराचा कॅन्सर झाला आहे, त्यांनी हेलिकोबॅक्टरची तपासणी करून घ्यावी आणि तो सापडला तर त्रास नसला तरी उपचार घ्यावेत, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. श्वासाची किंवा शौचाची चाचणी पुरते, आणि अँटिबायोटिकचा कोर्स साधारण दोन आठवड्यांचा असतो.